पोहता येत नाही, समुद्राच्या संशोधनाला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी परभणीला बीएस्सी सेकंड इयरला आहे, झूलॉजी. सुट्टीत गोव्याला दोना पावलाच्या एनआयओमध्ये, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळालीय, मेच्या पहिल्या आठवड्यापासून. मेलमध्ये कामाचं नाव फक्त 'फोरामिनिफेरा पिकिंग' एवढंच आहे. मी समुद्र एकदाच बघितलाय, गणपतीपुळ्याला, शाळेच्या ट्रिपमध्ये. पोहता येत नाही. बाबा म्हणतात परभणीत समुद्र कुठाय, शिकून करणार काय? जाऊ का?

उत्तर : जा गं, विचारतेस काय! पोहण्याचं टेन्शन तर आधी डोक्यातून काढ, पिकिंग करणारी मुलगी भिजते ती फक्त लॅबपासून हॉस्टेलपर्यंत छत्री उलटी झाली तर. तसंही जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, गोव्यात मासेमारीच १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे बोटीवर उभं राहून फोटो वगैरे मनात असेल तर ते राहू दे.

आता काम काय ते सांगते. फोरामिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव, बरेचसे स्वतःभोवती चुन्याचं कवच करतात, मेले की ते कवच तळाच्या गाळात जाऊन बसतं. तो गाळ वाळवायचा, वजन करायचं, मग ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे अगदी बारीक छिद्रांच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा, वर राहिलं ते परत वाळवायचं आणि काळ्या ट्रेमध्ये पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचं. आई तांदूळ निवडते ना, तसंच, फक्त दाणा रव्याएवढा आणि हातात तीन शून्य नंबरचा, म्हणजे अगदी बारीक टोकाचा ब्रश, तो ओला करून टोकावर एकेक कवच उचलायचं आणि चौकोन आखलेल्या स्लाइडवर ठेवायचं. एका सॅम्पलमधून साधारण ३०० तरी. पहिल्या दिवशी वाळू कुठली आणि कवच कुठलं तेच कळत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम दिसायला लागतं, कुणाचा शंखासारखा वेढा, कुणाचे चार फुगे एकमेकांना चिकटलेले, आणि मग जेवायला उठवत नाही.

माझ्या वेळची गंमत सांगते, म्हणजे आज गंमत, तेव्हा रडले होते. जूनचा उकाडा, कुणी नव्हतं म्हणून मी टेबलाकडे पंखा फिरवला आणि दीड दिवस निवडलेली कवचं, अजून चिकटवलेली नव्हती, एका फुंकरीत गेली. सर काही बोलले नाहीत, नुसती गाळाची दुसरी पुडी पुढे केली. तेव्हा पंखा बंद, आणि शिंक आली तर तोंड बाजूला.

बाबांना काय सांगायचं? पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जोरात वाहतो तेव्हा अरबी समुद्रात ओमान-सोमालियाच्या बाजूला खालचं थंड पाणी वर येतं, त्यात खाऊ भरपूर, मग ग्लोबिजेरिना बुलॉयडीज नावाची एक फोराम तिथे वाढते. गाळाच्या ज्या थरात ती जास्त सापडते त्या काळात मान्सूनचा वारा जोरात होता असा अंदाज बांधतात, हजारो वर्षं मागचा. म्हणजे तुमच्या सोयाबीनचा पाऊस ज्या वाऱ्याबरोबर येतो त्याचाच हा जुना हिशेब आहे. आता याचा उपयोग नाही म्हणणारा शेतकरी मला तरी परभणीत भेटायचाय.

जायच्या आधी गाइडना एक मेल टाक, सॅम्पल खाडीचं आहे की खोल समुद्राचं ते विचार, त्यावर काय वाचायचं ते ठरतं. वहीत रोज तारीख, सॅम्पल नंबर आणि मोजणी पेनाने लिही, मोबाईलच्या नोट्सवर विसंबू नको. चष्मा असेल तर नंबर तपासून घे.

आणि एवढ्या लांब जातेस तर मे महिन्यातच एकदा ओहोटीला खडकांवर जाऊन ये, पाऊस लागला की तिकडे फिरकू नको. कोकणातला हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, म्हणजे तृतीयेला सव्वादोन, तिथून सहा तासांनी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. गोव्यात थोडं मागेपुढे होतं, म्हणून भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघूनच निघ. एकटी जाऊ नको आणि जाड सोलच्या सँडल घाल, खडकावरची कालवं तळपाय चिरतात.