गावची शाळा सोडून शहरातल्या आठवीत जाताना

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय बाई, मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत, त्यामुळे जूनपासून मी सोलापूर शहरातल्या एका हायस्कूलमध्ये आठवीत जाणार आहे. सातवीत आम्ही मोजकीच मुले होतो. नव्या शाळेत एकेका तुकडीत साठच्या आसपास मुले असतात असे ऐकते. तेथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आहे. आमच्या घरी कानडी बोलतात, म्हणून माझे मराठी ऐकून शहरातल्या मुली हसतील असे सारखे वाटते. गावातून त्या शाळेत जाणारी मी एकटीच आहे. हल्ली रात्री झोप लागत नाही. आई म्हणते, ‘भिऊ नको, सगळं नीट होईल’, पण भीती काही जात नाही. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, दक्षिण सोलापूर

उत्तर : आईने धीर दिला हे चांगलेच केले, पण धीर दिल्याने माहिती मिळत नाही, आणि तुझे पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटते की तुझी निम्मी भीती ही केवळ माहिती नसल्याची आहे. शाळा सकाळची की दुपारची, तुझी तुकडी कोणती, मुलींचे स्वच्छतागृह कोठे, पिण्याचे पाणी कोठे, परिपाठाला रांगा कोठे लागतात, उशीर झाला तर फाटकावर काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आज तुझ्याजवळ नाही. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर मन स्वतःच उत्तरे रचू लागते आणि ती नेहमी वाईटच असतात. म्हणून शाळा सुरू होण्यापूर्वी एक दिवस वडिलांना किंवा आईला घेऊन तेथे जाऊन ये. प्रवेशाच्या कामासाठी शाळेचे कार्यालय त्या दिवसांत उघडे असते. शाळा सोडल्याचा दाखला द्यायला तसेही कोणाला तरी जावेच लागणार आहे; त्या खेपेला तू बरोबर जा आणि इमारत एकदा पायांनी फिरून घे. शहरातल्या पुष्कळ शाळा जागेअभावी दोन सत्रांत भरतात. आठवीचे वर्ग सकाळी भरत असतील तर तुला पहिली एसटी गाठावी लागेल आणि दुपारी भरत असतील तर परतताना अंधार होईल, तेव्हा ही एक गोष्ट तरी आधी कळलीच पाहिजे. एसटीचा पास मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत मिळतो. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो, तो त्याच खेपेला मागून ठेवावा.

आता तुकडीतल्या साठ मुलांविषयी. गावच्या शाळेत एकच गुरुजी तीन-चार विषय शिकवतात, त्यांना तुझे घर माहीत असते, तू दोन दिवस आली नाहीस तर ते निरोप पाठवतात. हायस्कूलमध्ये प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे असतात. ते अर्ध्या-पाऊण तासाच्या तासिकेला येतात, शिकवतात आणि दुसऱ्या तुकडीवर जातात. अशा शिक्षकांसमोर दिवसाकाठी काही शे चेहरे येतात. जुलै संपत आला तरी त्यांना तुझे नाव ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ तू त्यांना आवडत नाहीस असा लावू नकोस. गावाकडून आलेली हुशार मुले याच ठिकाणी हिरमुसतात, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. सातवीपर्यंत वर्गात पहिले येण्याची आणि सर्वांनी ओळखण्याची सवय झालेली असते, ती ओळख अचानक नाहीशी होते, आणि अभ्यास पूर्वीइतकाच येत असूनही आपण कमी पडलो असे त्यांना वाटू लागते. एका शिक्षकांशी मात्र पहिल्याच आठवड्यात ओळख करून घेतली पाहिजे, ते म्हणजे तुझे वर्गशिक्षक. तू कोणत्या गावाहून येतेस, गाडी किती वाजता पोहोचते आणि कोणत्या गाडीने परत जातेस, एवढे त्यांना स्वतः सांग आणि त्यांचा फोन क्रमांक वडिलांच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेव. पावसात गाडी चुकली किंवा पुलावरून पाणी गेले, तर त्या दिवशीची गैरहजेरी का झाली हे सांगणारे कोणी तरी असते.

इंग्रजीतून गणित आणि विज्ञान, म्हणजे ज्याला सगळे ‘सेमी’ म्हणतात, त्याची भीती खरी आहे आणि ती नुसत्या धीराने जाणार नाही. तिच्यावर उपाय मात्र आहे, तोही फुकटचा. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची गणित-विज्ञानाची पुस्तके एकच असतात. प्रकरणांचा क्रम तोच, आकृत्या त्याच, उदाहरणेही तीच. आठवीच्या गणितात ‘समांतर रेषा व छेदिका’ हे प्रकरण आहे, तेच इंग्रजी पुस्तकात ‘पॅरलल लाइन्स अँड ट्रान्सव्हर्सल्स’ या नावाने येते. विज्ञानातले ‘बल व दाब’ तेथे ‘फोर्स अँड प्रेशर’ होते. शाळेतून तुला इंग्रजी पुस्तक मिळेल. मराठी पुस्तक आठवी झालेल्या एखाद्या मुलीकडून मागून घे, किंवा बालभारतीच्या संकेतस्थळावरून वडिलांच्या मोबाइलवर उतरवून घे. मग आदल्या रात्री उद्याचा धडा मराठीतून वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच इंग्रजीतून ऐकायचा. कल्पना आधीच कळलेली असल्याने कानाला फक्त नवे शब्द पकडावे लागतात, आणि एका प्रकरणात असे शब्द फार तर पंधरा-वीस निघतात. एका वहीत डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला इंग्रजी असे ते लिहून ठेव. छेदिका, शिरोलंब, मध्यगा हे शब्द तुला मराठीतही नवेच असणार आहेत, त्यामुळे दोन्ही रूपे एकदमच पाठ होतील. बहुतेक मुले याच्या उलट करतात. इंग्रजी वाक्य न समजताच पाठ करतात, चाचणीत ते जसेच्या तसे लिहितात, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की अडतात.

याला जोडूनच एक गोष्ट वडिलांना वाचून दाखव. त्या हायस्कूलमध्ये संपूर्ण मराठी माध्यमाची तुकडी आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. असल्यास ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. दहावीच्या बोर्डाची परीक्षा गणित-विज्ञानासह मराठीतून देता येते आणि गुणपत्रिकेचे मोल तेवढेच असते. अकरावीला विज्ञान शाखा घेतली तर ते विषय इंग्रजीतून शिकावे लागतात, म्हणून ज्या मुलांना तिकडे जायचे आहे त्यांना सेमीचा पुढे उपयोग होतो, हेही खरे आहे. शेजारच्या घरातल्या मुलाने सेमी घेतले म्हणून आपणही घ्यायचे, हे कारण मात्र मला कधीच पटलेले नाही.

बोलण्यावरून मुली हसतील, असे तू लिहितेस. एखादी हसेलही. परंतु तू ज्या शहरात जाणार आहेस ते पुण्यासारखे नाही. सोलापुरात पूर्व भागातल्या घराघरांतून तेलुगू बोलली जाते, कित्येक घरांत उर्दू किंवा दखनी बोलतात, आणि कानडी तर बाजारात, बसमध्ये, देवळात सगळीकडे कानांवर पडते. तुझ्या तुकडीत घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुली पुष्कळ निघतील. ज्या सिद्धरामेश्वरांचे मंदिर तलावाच्या मध्यभागी आहे आणि ज्यांच्या नावाने जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, त्या बाराव्या शतकातल्या सत्पुरुषाची वचने कानडीतच आहेत. या शहराला तुझी भाषा परकी असण्याचे कारणच नाही. कानडी बोलणाऱ्या मुलांची मराठीत गफलत होते ती बहुधा लिंगाच्या ठिकाणी, कारण कानडीत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग लावत नाहीत. ही गफलत वाचनाने कमी होते, म्हणून मराठीचे पुस्तक रोज एक पान मोठ्याने वाच. कोणी एकदा हसून विसरून गेले तर तूही सोडून दे. तीच मुलगी रोज नक्कल करू लागली, नावे ठेवू लागली किंवा इतरांना तुझ्याशी बोलू देईनाशी झाली, तर मात्र सहन करीत बसू नकोस. वर्गशिक्षकांना सांग, तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून शाळेतल्या तक्रारपेटीत टाक. तेवढ्यानेही थांबले नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.

साठ मुलांसमोर हात वर करून शंका विचारणे पहिल्या महिन्यात जमणार नाही, आणि ते जमलेच पाहिजे असेही नाही. तास संपल्यावर शिक्षक वर्गाबाहेर पडतात तेव्हा दारापाशी जाऊन विचारावे, किंवा मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी उभे राहावे. फक्त ज्या दिवशी अडले त्याच दिवशी विचार, कारण गणितात आज न समजलेली पायरी उद्याच्या उदाहरणात पुन्हा येते.

मैत्रिणींची घाई करू नकोस. पहिल्या मैत्रिणी बहुधा एकाच गाडीने येणाऱ्या, दुसऱ्या एखाद्या गावच्या आणि दुसऱ्याच तुकडीतल्या असतात. वर्गातल्या नंतर होतात. डब्याचीही काळजी करू नकोस, हे तू विचारलेले नसले तरी लिहिते, कारण पुष्कळ मुली भाकरीचा डबा उघडायला लाजतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेलेल्या मुलीला सोलापुरात डबा एकटीने खायला मिळाला तरच आश्चर्य. शिवाय अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो आणि पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंत मोफत असतात. नववीपासून मात्र ती विकत घ्यावी लागतात. तेव्हा आठवीत असतानाच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बस. शाळेत तिला ‘एनएमएमएस’ म्हणतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा कमी असेल आणि सातवीत ५५ टक्के गुण असतील, तर सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांना ही परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, म्हणून पहिल्या सत्रातच वर्गशिक्षकांच्या कानावर घालून ठेव.

प्रश्न : माझा मुलगा जूनमध्ये आठवीसाठी मोठ्या हायस्कूलमध्ये जाणार आहे. तो मुळातच घाबरट आहे. आत्ताच क्लास लावला नाही तर तो मागे पडेल, असे सगळे सांगतात. आता आठवीत नापासही करतात म्हणे. पहिले काही दिवस मी शाळेबाहेर थांबावे का? त्याचे धाडस वाढावे म्हणून काय करावे?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : आपण प्रथम एक करावे, मुलाच्या देखत त्याला घाबरट म्हणणे थांबवावे. पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही. तेरा वर्षांच्या मुलाला नव्या ठिकाणी जाताना पोटात गोळा येणे हा काही त्याचा स्वभावदोष नाही, पण घरातूनच तो शब्द रोज कानांवर पडला तर मुलगा त्या शब्दाप्रमाणे वागू लागतो.

नापास करण्याविषयी आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. राज्यात आता पाचवी आणि आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा होते. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला शाळेने मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षेची संधी द्यायची असते, आणि तीतही तो उत्तीर्ण झाला नाही तरच त्याला त्याच वर्गात ठेवले जाते. नियमित शाळेत जाणाऱ्या मुलाला याची धास्ती घालण्याचे कारण नाही. क्लासच्या बाबतीत माझे मत असे की पहिल्या घटक चाचणीपर्यंत थांबावे. मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, अजून सुरूही न झालेल्या शाळेच्या भीतीपोटी मुलाला क्लासला धाडण्याने त्याला एवढेच कळते की पुढे काही तरी भयंकर येणार आहे आणि वडिलांनाही त्याची भीती वाटते. चाचणीनंतर एखादा विषय खरोखरच अडत असेल, तर त्या एका विषयापुरती मदत पाहावी.

शाळेबाहेर थांबू नये. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोडावे आणि निघून यावे. वडील बाहेर उभे आहेत हे ठाऊक असलेल्या मुलाचे लक्ष तास संपेपर्यंत खिडकीबाहेर राहते, शिवाय नव्या वर्गमित्रांना चिडवायला आयते कारण मिळते. संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ असे विचारल्यास ‘काही नाही’ हे उत्तर मिळेल. त्याऐवजी बाकावर शेजारी कोण बसले होते, मधल्या सुट्टीत काय केले, असे विचारावे, आणि सांगितलेले ऐकून घ्यावे. लगेच उपदेश सुरू करू नये.

शाळेच्या दिवशी सकाळी पोटदुखी, उलटीची भावना, आणि रविवारी मात्र मुलगा खडखडीत, असे काही आठवडे चालू राहिले तर त्याला सोंग समजू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि शरीरात काही दोष न निघाल्यास वर्गशिक्षकांशी एकांतात बोलावे, कारण अशा दुखण्यामागे वर्गातला त्रास असू शकतो आणि तो मुलगा घरी सांगत नाही. मनाच्या आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, तेथे पालकांनाही बोलता येते. पहिल्या सत्रात पालकसभा होते, तिला आईला एकटीला पाठवून आपण कामावर राहू नये. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दोघांनी जावे, आणि मुलाचे गुण विचारण्यापूर्वी तो वर्गात कोणाशी बोलतो हे विचारावे.