शिरेतून व्हिटॅमिन सी: आधी तपासण्या

प्रश्न: आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. केमो सुरू आहे, मधुमेहासाठी इन्सुलिनही घेते. ओळखीतल्या एकांनी व्हिटॅमिन सीचं सलाईन सुचवलंय. द्यावं का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: केमोऐवजी अजिबात नको. शिरेतून दिल्यावर रक्तातली पातळी गोळ्यांपेक्षा कितीतरी पट वाढते हे खरं; पण त्याने आयुष्य वाढतं, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही.

जोड म्हणून घ्यायचंच, तर केमो देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. आधी रक्तातलं जी-६-पीडी तपासा. तांबड्या पेशींना जपणारं हे एन्झाइम कमी असेल तर या सलाईनने त्या पेशी फुटू शकतात. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही पाहा, कारण व्हिटॅमिन सीचं ऑक्झलेट होऊन मूत्रपिंडात साचतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर विषय तिथेच सोडा.

तुमच्या आईबाबत खरी काळजी ग्लुकोमीटरची. कित्येक मीटरच्या पट्ट्या व्हिटॅमिन सीलाच साखर समजतात. सलाईननंतर बोटाला टोचून पाहिलं, की आकडा भलताच चढलेला दिसतो. त्यावर विसंबून जास्त इन्सुलिन टोचलं तर खरी साखर धोकादायक उतरते. त्या दिवशी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत द्या, व्हिटॅमिन सी घेतल्याचं सांगून हेक्सोकायनेज पद्धतीनेच (व्हिटॅमिन सीला साखर न समजणारी तपासणी) साखर मोजून घ्या. घाम, थरथर, गोंधळ दिसला, तर मीटर काहीही म्हणो, शुद्धीत असताना लगेच साखरपाणी पाजा आणि रुग्णालय गाठा.