घोडं पेंड खातंय ते पागेत नाही

प्रश्न : मी ४१ वर्षांचा आहे, अंबड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवतो. २०२३च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून १ लाख ८० हजारांना मारवाडी घोडी आणली. नाव बिजली. पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे, पण डोकं गरम. पाठीवर खोगीर टिकू द्यायलाच तिने पाच महिने घेतले. दीड वर्षाच्या मेहनतीनंतर नुसत्या मांडीच्या इशाऱ्यावर वळायला लागली, माझी १४ वर्षांची मुलगीही तिच्यावर बसू लागली. यंदा जूनमध्ये गिरणारे रस्त्याला मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला, बिजली उधळली आणि तिचा पुढचा उजवा पाय चिखलातल्या खड्ड्यात गेला. (मीही पडलो.) सोनोग्राफीत नळीमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) फाटल्याचं दिसलं. नऊ महिने ते वर्षभर विश्रांती सांगितली आहे. पायात इंजेक्शनं द्यायची तर जाण्यायेण्यासह १ लाख २० हजार, शिवाय वर्षभराचा सांभाळ. ३ लाखांचं पर्सनल लोन काढून तिला उभी करावी, की आहे तशी विकावी? तिचा विमा आहे, त्यातून उपचाराचा खर्च मिळेल का? बरी झाली की सिंहस्थातल्या मिरवणुका आणि एखादं शिंगरू यांतून पैसे वसूल होतील. बाकी गुंतवणूक व्यवस्थित आहे, तीन पॉलिसी चालू आहेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र सहा पानांचं होतं, वर आलाय तो त्याचा सारांश. साडेपाच पानं बिजलीच्या पायावर आहेत आणि ती वाचताना मलाही गोडी लागली. पहाटे मुलगी वीस मिनिटं त्या पायावर गार पाण्याची धार धरून उभी राहते आणि घोडी तेवढ्यात तिच्या खिशातला गूळ काढून घेते, हे वाचून मी चहा गार होऊ दिला. तुमच्या स्वतःच्या वाट्याला मात्र दोनच शब्द आले, ‘मीही पडलो’, आणि तेही कंसात.

म्हणून फोन केला. तुम्ही म्हणालात, “कॉलर बोन तुटलं होतं, प्लेट बसवली, आता ठीक आहे.” बिल किती झालं? १ लाख ६० हजार. मेडिक्लेम? “काढायचाच होता.” ५० हजार खात्यातून गेले, १ लाख १० हजारांसाठी वहिनींच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्या. हेल्मेट होतं का, हे विचारल्यावर तुम्ही विषय बदललात.

म्हणजे घरात १ लाख ८० हजारांची घोडी आहे आणि तिचा विमा पूर्ण किमतीचा आहे. तिच्या पाठीवर बसणारा माणूस महिन्याला १ लाख २० हजार कमावतो आणि त्याच्या दवाखान्याचा विमा शून्य. घोडं पेंड खातंय ते इथे. तेव्हा बिजलीकडे नंतर येतो, आधी त्या ‘व्यवस्थित’ तीन पॉलिसी बघू. त्यांचे फोटो तुम्ही पाठवलेत, बरं केलंत.

पहिली २०१६ची. वर्षाला ३२ हजार, २० वर्षं, विमा ६ लाखांचा. साडूंनी दिली. ६ लाख ४० हजार भरून शेवटी ११ लाखांच्या आसपास हाती येतील, ‘जवळजवळ दुप्पट’ असं साडूंनी कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून दिलंय. दरवर्षी थोडे थोडे भरून २० वर्षांत जवळजवळ दुप्पट म्हणजे वर्षाला ५ टक्के. आजच्या ७.१ टक्क्यांनी तेच पैसे पीपीएफमध्ये घातले असते तर १४ लाख झाले असते. असो. दहा हप्ते भरून झालेत, आता ही मोडण्यात फारसं हशील नाही. चालू ठेवा.

दुसरी २०१९ची, मुलीच्या शिक्षणासाठी. वर्षाला ४८ हजार, विमा ५ लाखांचा, मुदत १६ वर्षं. हीही साडूंचीच. आता बोटं मोजा. मुलगी तेव्हा ७ वर्षांची होती, म्हणजे पैसे येणार ती २३ वर्षांची झाल्यावर. फी भरायची १८व्या वर्षी. पॉलिसीच्या नावात ‘शिक्षण’ आहे आणि वर फोटोत टोपी घातलेली हसरी मुलगी आहे, पण तुमच्या मुलीची जन्मतारीख बघायची तसदी कोणी घेतली नाही. ही पेड-अप करा. हप्ते बंद होतील, विमा आणि शेवटची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होऊन चालू राहील.

तिसरीने मात्र माझं डोकं फिरवलं. गेल्या सप्टेंबरात मशीनचं कर्ज मंजूर करताना बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, “सर, लोनसोबत ही घ्यावीच लागते.” घ्यावी लागत नाही. कर्जाला पॉलिसीची अट घालता येत नाही, कोणतीही बँक तसं लेखी देणार नाही, मागून बघा. वर्षाला १ लाख, दहा वर्षं, विमा १० लाखांचा. मग दोन वर्षं थांबायचं आणि तेराव्या वर्षापासून दहा वर्षं दरसाल १ लाख ८५ हजार. ‘हमी’ हा शब्द पहिल्या पानावर सात वेळा आहे, मी मोजला. हमी कशाची, तर भरलेला प्रत्येक लाख बारा वर्षांनी १ लाख ८५ हजार होऊन परत येण्याची. बारा वर्षांत दुप्पट व्हायला ६ टक्के लागतात. इथे दुप्पटही होत नाही, दर पडतो सव्वापाच टक्के. आणि त्याच टेबलावर, त्याच दिवशी, त्याच मॅडमकडून तुम्ही ११ टक्क्यांनी कर्ज घेतलंत. एका हाताने ११ने उसने घेऊन दुसऱ्या हाताने सव्वापाचने ठेवायला दिले.

तिन्ही मिळून हप्ता वर्षाला १ लाख ८० हजार. हा आकडा कुठे वाचल्यासारखा वाटतो? बिजलीची किंमत. दरवर्षी एक पंचकल्याणी घोडी तुम्ही विमा कंपन्यांच्या दारात नेऊन बांधताय, आणि बदल्यात तुमच्या जिवाचा एकूण विमा आहे २१ लाखांचा.

तो किती हवा? घरखर्च ३५ हजार, वीस वर्षांचा धरा : ८४ लाख. घराचं २२ आणि मशीनचं १६ मिळून ३८ लाखांचं कर्ज. मुलीच्या शिक्षणाला पंचवीस-तीस. दीड कोटी झाले. महागाई धरलेली नाही, व्याजही धरलेलं नाही, एकाने दुसऱ्याची भरपाई होते असं समजा. हवा त्याचा सातवा हिस्सा विमा आहे. जूनमध्ये हाड खांद्याऐवजी मानेचं मोडलं असतं तर मशीन शॉपला कुलूप लागलं असतं आणि २१ लाखांनी कर्जसुद्धा फिटलं नसतं. हे कडक लिहितोय, कारण फोनवर तुम्ही हसून म्हणालात, “घोड्यावरून पडतोच माणूस.” पडतोच. म्हणूनच.

तेव्हा तिसऱ्या पॉलिसीचा दुसरा हप्ता भरू नका. हाती आल्यापासून तीस दिवसांच्या ‘फ्री लुक’ मुदतीत परत केली असती तर बहुतेक सगळे पैसे मिळाले असते, ती वेळ गेली. पण ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे वर्षभराचा हप्ता भरून पहिलं वर्ष पुरं झालं की काहीतरी सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर परत मिळणारे पैसे, द्यावी लागते. ती किती, हे कंपनीकडून ईमेलवर मागवा. मॅडम तोंडी सांगतील ते ऐकू नका. समजा ४० हजारच मिळाले. ६० हजार बुडाले म्हणून जीव तुटेल, पण पुढचे ९ लाख वाचले.

पहिल्या वर्षी सुटलेले पैसे असे : १ लाख अधिक ४८ हजार, म्हणजे १ लाख ४८ हजार. त्यातून साठीपर्यंतचा दीड कोटीचा टर्म प्लॅन (नुसता जिवाचा विमा, शेवटी परत काही नाही) घ्या, तुमच्या वयाला तीस ते चाळीस हजारांत बसेल. तिघांचा १० लाखांचा आरोग्य विमा पंचवीस-तीस हजारांत. अपघात विमा चार-पाच हजारांत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढं तरी पदरात पडलं. प्लेट बसल्यावर मेडिक्लेम काढणं हे वरातीमागून घोडं आहेच, त्या हाडाच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण माणसाला एकच हाड नसतं.

फॉर्मवर धोकादायक छंदांचा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहायचं नाही. एजंट म्हणेल, “कशाला उगाच.” तुम्ही घोडेस्वारी लिहा, प्लेटही लिहा, हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. अपघात विम्यात शर्यत, पोलो असले प्रकार बरेचदा वगळलेले असतात. रोजची रपेट त्यात धरतात की नाही, हे लेखी विचारून घ्या.

हे सगळं होऊन सत्तर-पंच्याहत्तर हजार उरतात. त्यात सरेंडरचे ४० घाला आणि सगळ्यात आधी पाटल्या सोडवून आणा. बिजलीच्या इंजेक्शनाच्याही आधी.

आता बिजली.

विमा उपचाराला मिळणार नाही. जनावरांचा विमा मुळात मृत्यूचा असतो, जादा हप्ता भरला असेल तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाचा. डॉक्टर, औषधं, सोनोग्राफी हे त्यात बसत नाही. तरी अपघाताची खबर कंपनीला अजून दिली नसेल तर या आठवड्यात द्या.

विकू नका. हा सल्ला भावनेचा नाही. लंगडत्या घोडीला बाजारात भाव मिळत नाही, जो घेईल तो तिला गाडीला जुंपणार आणि पाय महिन्याभरात पुरता जाणार. विकायचीच असेल तर ती बरी झाल्यावर, तिचा पाय कसा होता हे घेणाऱ्याला सांगून.

लोनही काढू नका. १५ टक्क्यांनी ३ लाख, तीन वर्षं, हप्ता साडेदहा हजार, परतफेड पावणेचार लाख. तुमच्याकडे हप्त्याला जागाच नाही : कर्जांचे ५६ हजार, घरखर्च ३५, बिजली १६, पॉलिसी १५. येतात १ लाख २० हजार, जातात १ लाख २२ हजार.

मग उपचार? कंडरेच्या दुखण्यात मुख्य औषध वेळ आहे. जागेवर बांधून विश्रांती, गार पाणी, पट्टी, मग हाताने धरून दहा मिनिटांची चाल, हळूहळू वाढवत, मधेमधे सोनोग्राफी. हे तुम्ही करताच आहात, आणि त्याचा खर्च तोच चंदी-चाऱ्याचा १६ हजार. इंजेक्शनात तिचंच रक्त काढून प्लेटलेट्सचा भाग दुखऱ्या जागी सोडतात. काही डॉक्टरांना त्याचा फायदा दिसतो. पण टोचून घेतलं म्हणून विश्रांतीचे महिने टळत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : न टोचता ही घोडी मुलीच्या हलक्या रपेटीइतकी बरी होईल का? उत्तर ‘होईल’ असेल तर १ लाख २० हजार खिशात ठेवा. ‘नाही’ असेल तर पुन्हा फोन करा, तेव्हा पहिल्या पॉलिसीवर कर्ज किती मिळतं ते बघू.

वसुलीचं मात्र डोक्यातून काढा. जून २०२६मध्ये पाय गेला, वर्षाने बरा, ऑगस्टात सिंहस्थाची पर्वणी. पंचांग जुळतंय, पण पायाला पंचांग कळत नाही. भरून आलेली कंडरा पहिल्यासारखी लवचीक नसते, तिथेच पुन्हा फाटायची भीती राहते. आणि एका हॉर्नला उधळलेली घोडी तुम्ही ढोल-ताशे, शंख आणि लाखोंच्या गर्दीत डांबरावर उभी करणार? तिने एखाद्याला लाथ घातली तर त्याचा दवाखाना कोण भरेल? शिंगराचंही तसंच. अकरा महिने पोटात, सहा महिने आईबरोबर, तेवढ्यात १६ हजारांप्रमाणे २ लाख ७० हजार नुसत्या आईच्या दाण्याला. शिवाय दुखऱ्या पायावर गाभणपणाचं ओझं. बिजली हा खर्च आहे, वर्षाला १ लाख ९० हजारांचा. मुलीसाठी करायचा तर खुशाल करा, घरात याहून वाईट खर्च मी पाहिलेत, तिसरी पॉलिसी त्यातलीच. पण तो खर्चाच्या रकान्यात लिहा.

साडूंना वाईट वाटेल असं म्हणालात. माझं नाव सांगा.

तिसऱ्या पॉलिसीचा हप्ता १८ सप्टेंबरला खात्यातून आपोआप कापला जाणार आहे, ते मॅन्डेट त्याआधी बँकेत जाऊन बंद करावं लागेल. बिजलीची दुसरी सोनोग्राफी ११ला आहे आणि डॉक्टर गंगापूर रोडला बसतात. तुमची बँकही गंगापूर रोडलाच आहे. एका फेरीत दोन्ही होईल. रिपोर्ट विचारायला त्यांच्याकडे जाल तेव्हा वाटेत एक हेल्मेटही घ्या, मुलीच्या मापाचं वेगळं.