रेंज पूर्ण, तरी पान उघडत नाही : वाचकांचे प्रश्न

या वेळी इंटरनेटविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न निवडले आहेत. 'नेट बंद आहे' किंवा 'नेट हळू आहे' असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या एका शब्दाखाली किमान चार-पाच निरनिराळी कामे चाललेली असतात आणि त्यांपैकी कोणते अडले आहे, हे पाहिल्याशिवाय उपाय सापडत नाही.

प्रश्न : मोबाइलवर वाय-फायची रेंज पूर्ण दिसते. चॅटचे संदेशही येत राहतात. पण ब्राउझरमध्ये कोणतेही नवे संकेतस्थळ उघडायला गेले, की 'सर्व्हर सापडत नाही' असे उत्तर मिळते. बिघाड मोबाइलचा समजावा की राउटरचा?

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. वाय-फायच्या चिन्हातील कमानी मोबाइल आणि राउटर यांच्यामधला रेडिओलहरींचा दुवा कसा आहे, एवढेच सांगतात. राउटरच्या पलीकडची तार तुटली, तरी त्या कमानी भरलेल्याच दिसतील. तेव्हा रेंजवरून निदान करता येत नाही. तुम्ही जाता जाता लिहिलेला चॅटचा तपशील मात्र फार मोलाचा आहे. संदेश येत आहेत, याचा अर्थ तार शाबूत आहे. मग अडले आहे ते नावाचा क्रमांक शोधण्याचे काम.

संगणकांना संकेतस्थळाची नावे कळत नाहीत. त्यांना क्रमांकाचा पत्ता लागतो, ज्याला आयपी पत्ता म्हणतात. आपण ब्राउझरमध्ये नाव लिहिले, की प्रथम डीएनएस सर्व्हरकडे 'या नावाचा क्रमांक काय?' अशी विचारणा जाते आणि उत्तर आल्यावरच खऱ्या सर्व्हरशी बोलणे सुरू होते. चॅटच्या अ‍ॅपने आपला दुवा आधीच जोडून ठेवलेला असल्यामुळे त्याला ही विचारणा पुन्हा करावी लागत नाही आणि म्हणून डीएनएस बंद पडले, तरी संदेश काही काळ बिनबोभाट येत राहतात. ब्राउझरला मात्र प्रत्येक नव्या नावासाठी विचारावे लागते आणि तिथे तो अडतो.

खात्री करायची असेल, तर संगणकावर कमांडची खिडकी उघडून 'पिंग' या, पलीकडून उत्तर येते का ते पाहणाऱ्या आज्ञेपुढे ८.८.८.८ हा क्रमांक द्यावा. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. त्याच्याकडून उत्तर आले आणि नाव देऊन केलेले पिंग मात्र फसले, तर दोष डीएनएसचाच आहे. अशा वेळी वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी हाच क्रमांक लिहिला, तर बहुतेकदा काम भागते.

ही व्यवस्था सुरुवातीपासून अशी नव्हती. इंटरनेटच्या पूर्वावतारात, म्हणजे अर्पानेटवर, सगळ्या संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे सांभाळली जाई आणि इतरांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यायची, असा रिवाज होता. संगणक वाढू लागले, तशी ती फाइल आवरेनाशी झाली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. त्यात कोणा एकाकडेच पूर्ण यादी नसते. प्रत्येक जण आपल्या वाट्याची नावे सांभाळतो आणि उरलेल्यांसाठी पुढे कोणाला विचारायचे, ते सांगतो. मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवण्याची मुभाही त्यात आहे. एखादे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर काहींना नवे रूप आणि काहींना जुनेच दिसत राहते, त्यामागे अनेकदा हे जपून ठेवलेले जुने उत्तर असते.

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण फाइल उतरवताना वेग ११ च्या आसपासच दिसतो. शिवाय व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोहोचतो. ही फसवणूक समजावी काय?

उत्तर : पहिल्या भागात फसवणूक नाही, एककाचा घोटाळा आहे. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवणारे सॉफ्टवेअर बहुधा मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० चे १२.५ झाले. त्यातही माहिती लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता आणि अनुक्रमांक लिहावा लागतो. १५०० बाइटच्या नेहमीच्या पॅकेटमधील किमान ४० बाइट या लिखापढीतच जातात. तेव्हा ११ हा आकडा चांगलाच म्हणावा लागेल.

आवाजाच्या उशिराचा या आकड्याशी फारसा संबंध नाही. एका सेकंदात किती माहिती मावते, ही एक गोष्ट आणि पहिला बिट पलीकडे पोहोचायला किती वेळ लागतो, ही दुसरी. ऑनलाइन खेळणारी मुले 'पिंग जास्त येतोय' म्हणतात, ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल, आणि मोठ्यांपेक्षा त्यांना ती नेमकी कळलेली असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन येण्यात निव्वळ प्रवासाचेच १०० मिलिसेकंद लागणार. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत बोलायचे, तर प्रश्न वर आणि खाली, उत्तर पुन्हा वर आणि खाली, अशा चार फेऱ्यांत जवळपास अर्धा सेकंद जातो. कितीही महागडा प्लॅन घेतला, तरी हा वेळ कमी होत नाही. तुमच्या बाबतीत आधी मोबाइल राउटरजवळ नेऊन कॉल करून पाहा; घरात त्याच वेळी कोणी मोठी फाइल वर चढवत असेल, तर पॅकेटांची रांग लागूनही उशीर होतो.

प्रश्न : माझ्या मोबाइलचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आहे. दुसऱ्या शहरातील मैत्रिणीच्या मोबाइलवरही तंतोतंत हाच पत्ता दिसला. मग मी मागवलेले पान तिच्याकडे कसे जात नाही?

उत्तर : कारण हा पत्ता तुमच्या राउटरच्या बाहेर जातच नाही. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते पुरणार नाहीत, हे दिसू लागल्यावर काही क्रमांक घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले, १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते त्यांत मोडतात. ते कोणीही, कितीही ठिकाणी वापरावेत.

पुढची करामत राउटरची. एकाच पत्त्यावर चाललेली निरनिराळी बोलणी वेगळी ओळखता यावीत, म्हणून प्रत्येकीला एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. समजा, तुमच्या मोबाइलने ५१,००० क्रमांकाच्या पोर्टवरून एक पान मागवले. राउटर त्या पॅकेटवरचा तुमचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो, पोर्टचा क्रमांक बदलून, समजा, ६२,००१ करतो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो : '६२,००१ वर येईल ते १९२.१६८.१.५ च्या ५१,००० ला द्यावे.' पलीकडच्या सर्व्हरला फक्त राउटर दिसतो. उत्तर ६२,००१ वर आले, की राउटर तक्ता पाहतो, खोडलेला पत्ता पुन्हा लिहितो आणि पॅकेट तुमच्याकडे सोडतो. मैत्रिणीच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता आणि तक्ता दोन्ही निराळे, म्हणून गल्लत होत नाही. बाहेरून न मागवता आलेल्या पॅकेटची तक्त्यात नोंदच नसल्यामुळे ते सहसा टाकून दिले जाते. हा आडवळणाने झालेला फायदा आहे. त्याला सुरक्षा समजून निर्धास्त राहू नये.

मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. तेव्हापासून अनेक सेवा कंपन्या स्वतःकडेही अशीच अदलाबदल करतात आणि एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक घरे बसवतात. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने ही काटकसर लागत नाही, पण जुनी आवृत्ती अजून सर्वत्र चालू असल्यामुळे दोन्ही सांभाळाव्या लागतात.

प्रश्न : राउटर बंद करून चालू केला, की सगळे सुरळीत होते. असे का?

उत्तर : वर सांगितलेला तक्ता, डीएनएसची जपून ठेवलेली उत्तरे आणि कंपनीकडून मिळालेला पत्ता, हे सारे राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. त्यातील काही बिघडले किंवा तक्ता भरून गेला, तर वीज तोडल्यावर पाटी कोरी होते. महिन्या-दोन महिन्यांनी असे करावे लागले, तर दुर्लक्ष करावे. रोजच करावे लागत असेल, तर आधी राउटर बंदिस्त जागेत तापतो आहे का, ते पाहावे, मग त्याचा अ‍ॅडॅप्टर बदलून पाहावा आणि तरीही फरक पडला नाही, तर कंपनीकडे लाइन तपासण्याची तक्रार नोंदवावी.