सॅटेलाइटवरून शेतातलं पीक खरंच कळतं का? विम्यासाठी त्यावर भरवसा ठेवावा का?

रान हिरवं आहे का, ते कळतं. दाणा किती हाती लागेल, ते कळत नाही. हे मी नुकसान सोसून शिकलोय.

2021 साल. मांजरा नदीकाठी आमचं चार एकर सोयाबीन. शेंगा भरलेल्या, आठवड्याभरात काढणीला आलं असतं. 27-28 सप्टेंबरला गुलाब चक्रीवादळाचा उरलेला पाऊस मराठवाड्यावर कोसळला, धरणाचे दरवाजे उघडले आणि खालचे दोन एकर तीन दिवस पाण्यात राहिले. पाणी ओसरलं तेव्हा शेंगेतच दाण्याला मोड आलेले. 72 तासांच्या आत विमा कंपनीला सूचना दिली, फोटो टाकले. बारा दिवसांनी पाहणीला एक मुलगा आला. मोबाइलवर नकाशा दाखवून म्हणाला, "काका, तुमचं शेत तर हिरवंच दिसतंय." मी मोड आलेली शेंग त्याच्या हातावर ठेवली. तरी कागदावर नुकसान वीस टक्केच लागलं.

त्या नकाशाचा मी फोटो काढून ठेवला होता. रात्री नीट पाहिला, तर कोपऱ्यातली तारीख पावसाच्या दोन आठवडे आधीची!

मग पुतणीकडून शिकलो. युरोपच्या सेंटिनेल-2 ची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळपास आपला एक गुंठा. बुडालेल्या रानाचे ऐंशी ठिपके मी एकेक करून पाहिले. दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं, पण त्या आठवड्यातली सगळी पांढरीफटक, नुसते ढग. दुसरं म्हणजे हा उपग्रह हिरवेपणा मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं, त्यावरून एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा आकडा निघतो. रानात केन्याचं तण माजलं तरी आकडा चांगलाच येणार. उलट सोयाबीन पिकून पानगळ झाली की सोन्यासारख्या पिकाचाही आकडा पडतो. मोड आलेली शेंग त्यात कुठून दिसणार?

त्या दिवाळीत पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, सॅटेलाइट खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." सगळ्या घरासमोर. मी खोटा क्लेम केला, असाच त्याचा अर्थ होता. बाबा रे, सॅटेलाइट खोटं बोललंच नाही. 28 तारखेचं नुकसान त्याला दोन आठवडे आधीच्या चित्रात शोधायला लावलं, ही चूक माणसाची.

आता हेही सांगायला हवं की रडारचे उपग्रह ढगांतूनही बघतात. सेंटिनेल-1 आहे, आपला ईओएस-04 आहे, जुलै 2025 मध्ये गेलेला भारत-अमेरिकेचा निसार आहे. साचलेलं पाणी त्यांना चांगलं ओळखता येतं, मात्र पाणी रानात असतानाच त्यांची फेरी तिथून झाली पाहिजे. दुष्काळासाठी, अख्ख्या महसूल मंडळाच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी हे तंत्र चांगलं आहे. 2023 पासून पीकविम्यात यस-टेक, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने उत्पादनाचा अंदाज काढायची पद्धत आणलीय, त्यालाही माझा विरोध नाही. पण मंडळात कितीतरी गावं येतात. एकट्याच्या शेताचा निकाल नुसत्या चित्रावर लावू देऊ नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी चित्राची तारीख विचारा, ती कागदावर लिहून घ्या, आणि तारीख-ठिकाण उमटणारे स्वतःचे फोटो पाणी रानात असतानाच काढा.

भावाला तो नकाशा आणि ढगांचं चित्र, दोन्ही तारखांसकट पाठवली आहेत. अजून उत्तर नाही.