मुलीच्या पदवीचा हिशेब

ऐरोलीच्या पालकांस,
सप्रेम नमस्कार.

रबाळे एमआयडीसीतील आपला ओव्हरटाइम बंद झाला आहे. सीईटीत बरे गुण मिळूनही मुलीला इंजिनिअरिंगऐवजी बी.ए.ला घालावे आणि वाचलेला पैसा दहावीतल्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी राखावा, कारण मुलीवरचा खर्च वसूल होत नाही, असे आपले थोरले बंधू म्हणतात. आणि आपल्याला ते पटत नसले तरी खोडून काढता येत नाही, असे आपण लिहिले आहे.

बंधू पदवीनंतरचा पगार मोजतात, पण पदवी नसेल तर हाती काय उरते, ते मोजत नाहीत. बारावी झालेला मुलगा मंदीतही रिक्षा चालवतो, पार्सले पोहोचवतो, रात्रपाळीला हेल्पर म्हणून लागतो. तेवढेच शिकलेल्या मुलीच्या वाट्याला पॅकिंग नाहीतर दुकानातले काउंटर येते, तेही बहुधा कमी पगारावर. म्हणूनच शिक्षणाने पडणारा फरक तिच्या बाबतीत मोठा असतो, आणि अनेक देशांच्या आकडेवारीतही दर वाढीव वर्षामागची टक्केवारीतली पगारवाढ स्त्रियांची सरस दिसते. रुपयांत मात्र त्या मागेच राहतात, हे कबूल केले पाहिजे.

वसुली खरी अडते ती नोकरी सुटल्यावर. गेल्या महिन्यात कळव्याच्या एक बी.ई. झालेल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, मुलाकडे पाहायला कोणी नव्हते, आणि घरातल्या दोन पगारांपैकी कमी असलेला त्यांचा पगार सोडायचे ठरले. प्रमाणपत्रांची फाइल अजून कोरी करकरीत आहे, पण मुलाखतीत पहिला प्रश्न गॅपचाच येतो. 2017-18 मध्ये देशातील 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे 23 टक्के काम करत किंवा शोधत होत्या आणि 2023-24 मध्ये सुमारे 42 टक्के, हे खरे असले तरी या वाढीत शेती आणि घरच्या धंद्याचा वाटा मोठा आहे. पदवीचे मोल त्यावरून ठरवू नये.

त्यामुळे शाखा निवडताना पहिल्या पॅकेजपेक्षा, खंड पडला तरी परत येता येईल आणि ऐरोली-महापे पट्ट्यात घराजवळ मिळेल अशा कामाला मी अधिक वजन देईन. कॉम्प्युटर किंवा आयटी त्यात बसते.

शिवाय पैशाची निवड वाटते तितकी कठीण नसावी. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास राज्य शासन शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करते. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. आपला प्रवर्ग पत्रात नाही, तो कळवावा, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज या आठवड्यातच करावा, कारण प्रवेशाच्या दिवसांत दाखल्यांसाठी फार ताटकळावे लागते.