झिंजेरोन आल्यातूनच काढतात का, आणि अत्तरात घातल्यावर त्याचा वास आल्यासारखा येतो का?

झिंजेरोन हे गंधद्रव्य आल्यात सापडते हे खरे; पण अत्तरात ताज्या आल्याचा भास हवा असेल, तर केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ताज्या आल्यात झिंजेरोन अगदी अल्प असते. तिथला तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा असतो. आले वाळताना जिंजेरॉलच्या रेणूतून पाणी निघून जाते आणि शोगाओल तयार होते, म्हणूनच सुंठ आल्याहून जहाल लागते. आले शिजवताना मात्र जिंजेरॉलचा रेणू दुभंगून त्यातून झिंजेरोन मोकळे होते आणि ते चवीला बरेच सौम्य असते. आलेपाकाच्या वडीत तिखटामागून जी ऊब जाणवते, तिचे थोडे श्रेय यालाही द्यावे असे मला वाटते.

वाफेच्या साहाय्याने काढलेल्या आल्याच्या तेलात झिंजिबेरीन, सिट्रल यांसारखे उडून जाणारे घटक येतात, जड जिंजेरॉल मागे चोथ्यातच राहते. त्यामुळे त्या तेलाला आल्याचा लिंबासारखा ताजा गंध असतो, पण आल्याची धग नसते.

जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोशी नोमुरा यांनी 1917 मध्ये झिंजेरोन आल्यातून वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत ते व्हॅनिलिनपासून, म्हणजे व्हॅनिलाच्या मुख्य गंधघटकापासून, बनवता येते: अल्कलीच्या सान्निध्यात व्हॅनिलिन आणि ॲसिटोन यांचा संयोग घडवून आणायचा आणि मिळालेल्या पदार्थावर हायड्रोजनची प्रक्रिया करायची. रेणू तोच असल्यामुळे, शुद्धता सारखी असेल तर, या झिंजेरोनला कमअस्सल मानण्याचे काही कारण नाही. व्हॅनिलिनशी असलेले हे नातेच त्याचा गंध समजून घेण्याची किल्ली आहे, कारण नाकाला प्रथम जाणवतो तो गोडसर, किंचित व्हॅनिलाकडे झुकणारा वास, आणि मसाल्याची ऊब त्याच्या मागोमाग येते. बल्बोफायलम गटातील काही ऑर्किडची फुलेही झिंजेरोन सोडून फळमाश्यांच्या नरांना आकर्षित करतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मसाल्याच्या मिश्रणांपुरतेच त्याला बांधून ठेवू नये, फुलांच्या गंधांतही ते वापरून पाहावे.

मी ते अल्कोहोलमध्ये 10 टक्के विरघळवून ठेवतो आणि तळाच्या गंधासाठी वापरतो. आल्याच्या तेलाने सुरुवातीची तरतरी येते आणि ते ओसरल्यावर झिंजेरोन चंदनासोबत दीर्घकाळ टिकते, म्हणून ही दोन्ही एकत्र घेणे मला सर्वांत योग्य वाटते. लवंगेचे तेल मात्र फार जपून घालावे. त्याचा जोर झाला की झिंजेरोनचा मृदूपणा हरवतो.

झिंजेरोन साधारण 40 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात बाटलीतले स्फटिक पातळ झालेले दिसले, तर तेवढ्यावरून माल बिघडला असे समजू नका.